धूर निळा झाला की

७ फेब्रुवारी

आजही चेंडू रेषेच्या अलीकडेच पडला.

तीनदा घेतली दारूच्या जोराची चाचणी. तीच बुटकी उखळी तोफ, तेवढीच दारू, तोच पितळी चेंडू. तिन्ही वेळा अलीकडे. पूर्वी चेंडू शोधायला माळ तुडवावा लागायचा. आज जागेवरूनच दिसला. उखळी पुन्हा पुसली, काटा तपासला, वजनं बदलून पाहिली. चूक माझीच निघावी असं वाटत होतं. निघाली नाही.

दुपारी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. तोफखान्यानं मागचा माल परत पाठवलाय. सोबत निरोप — "सलामीच्या वेळी तोफ खोकते." साहेबांनी हे वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. मग टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "आता एक शेवटचा घाणा काढायचा. तो दिला की बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद, मॅडम."

पुढच्या वर्षीपासून सलामीचा आवाज लाउडस्पीकरवरून देणार आहेत म्हणे. रेकॉर्ड केलेला! तोफा नुसत्या उभ्या राहणार, पॉलिश करून.

मी "बरं" म्हटलं आणि परत येऊन उखळी चौथ्यांदा पुसली.

८ फेब्रुवारी

घरी सांगितलं. मावशी पहिल्यांदा बोलली. "झाली म्हणायची एकदाची दारूबंदी!" — आणि आपल्याच विनोदाला न हसता चहा गाळायला उठून गेली. आई गेल्यापासून घर तीच चालवते, आणि आप्पांची टिंगल करणं हा तिचा हक्कच आहे, मेहुणी ना!

पण आज आप्पांनी एवढंच विचारलं, "खोकते म्हणाले?"

"हो."

"झाडं म्हातारी झाली," ते म्हणाले. "वाळुंजाचं लाकूड कोवळं पाहिजे. मी कधीपासून सांगतोय, नवी लावा. कोण ऐकतंय! लाकूडच असं, तर कोळसा काय करील?"

मग जेवताना पुन्हा, स्वतःशीच — "खोकते."

९ फेब्रुवारी

आज एक गोष्ट नव्यानं लक्षात आली, इतकी जुनी असून. आप्पांनी उभा जन्म या कारखान्याला कोळसा पुरवला, पण कारखाना आतून कधी पाहिलाच नाही.

साहजिक आहे. आत विस्तवाला बंदी. भट्ट्या नदीच्या पलीकडे, आणि भट्टीवाल्याला फाटकात मज्जाव. त्याच्या कपड्यांत, केसांत ठिणगी असली तर? कोळशाची पोती पुलाच्या मध्यावर ठेवायची, मागे व्हायचं. मग आतली माणसं येऊन उचलणार. आमच्याकडे तर 'काडी' हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नाही. 'ती' म्हणतात. कुणी भांडण लावलं तर "यानंच ती लावली." नवा माणूस ऐकून बावचळतो, त्याला वाटतं कुणाच्या बायकोबद्दल चाललंय.

झारीकाका आणि आप्पांची दोस्ती त्या पुलावरचीच. काका चाकघरात दारूवर पाणी शिंपडायचं काम करतात — दळताना ती सतत ओलसर राहायला हवी, कोरडी पडली की घर उडालं — म्हणून झारी. आप्पा त्यांच्या लेखी कोळशा. पुलाच्या दोन टोकांना उभं राहून एकमेकांना ओरडून चिडवायचे. तपकिरीची डबी मात्र मध्यावर, पोत्यांशेजारी ठेवलेली असायची. मी लहान होते तेव्हा वाटायचं, मैत्री अशीच करतात, लांबून.

१२ फेब्रुवारी

सगळ्यांची बैठक. सगळे म्हणजे आता एका खोलीत मावतो.

साहेब म्हणाले, "मला कुणावर ठपका ठेवायचा नाही. पण शेवटचा घाणा तरी अब्रूनं जाऊ दे. सोरा बाहेरून तपासून येतो, गंधकही. राहिलं पाणी आणि कोळसा." आणि माझ्याकडे वळले. "कोळशाचं काय, मॅडम?"

खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे मी कुणाची मुलगी. मी कोळसा तपासते तो ओल आणि राख एवढंच. त्या दोन्हीत तो नेहमी पास होतो. 'त्यापलीकडे पाहायला पाहिजे' असं म्हणायचं होतं. म्हटलं असतं का? आता 'हो' लिहिणं सोपं आहे.

तेवढ्यात मागून झारीकाका. "कोळशाला काय धाड भरलीय? माझा हात हलतो, साहेब."

सगळे मागे वळले.

"झाली दोन-तीन वर्षं. झारी धरली की थरथरतो. कमी पडलं तर सगळ्यांना घेऊन जाईन, म्हणून आपलं जास्तच घालतो. चिखल होतो दारूचा. सांगायची लाज वाटली."

मग ठरलं — शेवटच्या घाण्याला पाणी पॅकिंगचा मुकादम घालणार.

काका बाहेर पडले तेव्हा उजवा हात डाव्या काखेत दाबून धरला होता. आमच्या कामाच्या कपड्यांना खिसे नसतात, कुणी चुकून काही आत नेऊ नये म्हणून. हात लपवायला तेवढीच जागा.

मला वाईट वाटलं. पण त्याच्या आधी — अगदी आधी — हायसं वाटलं. आप्पांवरून नजरा हटल्या म्हणून. हे लिहून ठेवते.

१३ फेब्रुवारी

आप्पांना काकांच्या हाताचं सांगितलं. "अरेरे," म्हणाले. आणि मग, माझ्यासारखंच, थोडे सरळ बसले.

१९ फेब्रुवारी

काम नाही. मोकळ्या चाकघरांतून फिरून आले. सात होती एके काळी, चालू आहे ते एकच. प्रत्येकाच्या तीन भिंती हातभर जाड, चौथी नुसत्या फळ्यांची, नदीच्या बाजूला. उडालंच तर तिकडे उडावं म्हणून. बांधणाऱ्यांनी 'उडालंच तर' हे धरूनच बांधलेलं. आता फळ्या निखळल्यात आणि आत पारवे.

हातानं कुटायचे आधी, उखळात. सोरा तबेल्यांच्या भिंती खरवडून गोळा करायचे, आणि खरवडणाऱ्याला कुणी दारात उभं करत नसे. मग नदीच्या पाण्यावर फिरणारी दगडी चाकं आली, मग वीज. या दारूनं डोंगर फोडून बोगदे काढले, विहिरींचे तळ उडवले. माणसं मारली. तेही. मग दहापट जोराची नवी स्फोटकं आली. खाणी गेल्या आमच्या हातून, दगडफोडे गेले, बंदुका तर फार आधीच गेल्या होत्या. शेवटी आम्ही फक्त आवाज बनवत होतो.

कॉलेजात पहिल्याच दिवशी विचारलं होतं, वडील काय करतात? मी म्हटलं, दारूच्या कारखान्याचे आहेत. वर्ग खो खो हसला. "तोफेची दारू," मी म्हटलं, तेव्हा गप्प झाले. कुठलं जास्त लागलं, हसणं की गप्प होणं, आजही ठरवता येत नाही.

अशा गोष्टीसाठी रडावं का? जगात एक दारूचा कारखाना कमी झाला तर चांगलंच म्हणायला हवं. म्हणतेच. पण आज चाकघराच्या फळीला हात लावला तर तळहात काळा झाला, आणि तो धुवायला मी घरी येईपर्यंत थांबले.

२५ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

आप्पांचा डबा घेऊन भट्टीवर गेले होते. शेवटच्या घाण्याचा कोळसा चाललाय. लोखंडी पिंपात सोललेलं लाकूड, खाली जाळ, वर धुराड्याची नळी. लहानपणी मी इथेच खेळले. आप्पांनी शिकवलेलं अजून पाठ आहे. पांढरा धूर पाण्याचा. पिवळा लाकडाचा. निळा आपला. निळा झाला की खालचा जाळ बाहेर ओढायचा, चिखलानं तोंडं लिंपायची, लगेच. थांबलात तर कोळसा जास्त भाजतो, त्यातला जोर जातो.

मी पोचले तेव्हा धूर निळा होता. पातळ, स्वच्छ निळा. मला वाटलं आत्ताच झाला असेल, आप्पा उठतील. ते डबा उघडून बसले. मावशीच्या स्वयंपाकाला नावं ठेवत जेवले.

मी म्हटलं, "आप्पा, धूर —"

त्यांनी मान वर केली. डोळे बारीक करून पाहिलं. "पिवळाच आहे अजून. दमानं घे."

हात धुतले. तपकीर ओढली. पुन्हा वर पाहिलं. "पिवळाच."

निळा होता. मी आकाशाकडे पाहिलं, माझ्या स्वेटरच्या बाहीकडे पाहिलं. निळ्याला निळंच म्हणते ना मी? तासाभरानं धूर जवळजवळ दिसेनासा झाला, तेव्हा ते म्हणाले, "हं! आता झाला निळा," आणि खोरं घेऊन उठले.

२६ फेब्रुवारी

मोतीबिंदू. हे कळायला डॉक्टर नको. मावशी दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय — "भावजी, डोळे दाखवा! परवा माझ्या अंगावरच्या निळ्या शालीला राखाडी म्हणालात!" आणि ते — "शाल धूत नाहीस, मी काय करू?" आम्ही हसलो होतो.

चेंडू अलीकडे पडायला लागला तोही तेव्हापासूनच.

म्हणजे झाडं म्हातारी नाहीत.

सांगितलं तर? आयुष्यभराचं काम शेवटी स्वतःच्या हातानं जाळलं, हे ओझं घेऊन ते उरलेले दिवस काढतील. नाही सांगितलं तर शेवटचा घाणाही खोकणार. आणि झारीकाकांच्या हाताचं काय? तो हलतो, हे त्यांनीच सांगितलंय. दोन्ही खरं असू शकतं. असू शकतं ना?

१ मार्च

खोटं बोलले. साहेबांना म्हटलं, कोळसा कमी भरतोय, आणखी एक भट्टी लागेल. आप्पांनाही तेच. पंचविसाव्या तारखेची पोती शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली सारली.

४ मार्च

रजा टाकून भट्टीवर दिवसभर. आप्पांना म्हटलं, "मला पुन्हा शिकवा. मी रंग सांगते, तुम्ही पुढचं सांगा."

"आता शिकून काय लोणचं घालणारेस?"

"शेवटची भट्टी आहे, आप्पा."

त्यांनी खुर्चीची जागा मला दिली आणि स्वतः लाकडाच्या ओंडक्यावर बसले. मी ओरडायची — "पांढरा!" ते म्हणायचे, "पाणी चाललंय. चालू दे." "पिवळा!" "आता लाकूड रडतंय. जाळ कमी." मग दुपार कलताना धुराची कड फाटल्यासारखी झाली, आणि आतून —

"निळा! आप्पा, निळा!"

त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वर. "नक्की?"

"नक्की."

क्षणभर वाटलं नाही म्हणतील. मग उठले आणि जाळ ओढला. मी चिखल कालवत होते. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी एकत्र केलेलं हे पहिलं काम.

६ मार्च

पिंप उघडलं. कोळसा मऊ, किंचित तपकिरी झाक. लहानपणी असायचा तसा. आप्पांनी एक तुकडा मोडून बोटांवर घासला, वास घेतला. "या झाडाचं लाकूड बरं निघालं," म्हणाले.

१४ मार्च

चेंडू रेषेच्या पार! माळ ओलांडून काटेरी कुंपणात गेला, मुकादमानं हात ओरबाडून घेत शोधून आणला आणि तो डोक्यावर धरून नाचला. दुसऱ्यांदाही पार. तिसऱ्यांदाही. सगळे जमले होते. साहेबांनी मुकादमाचा हात हातात घेतला. "बघा! पाणी नीट पडलं की कसं होतं!"

मी टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता हात थांबले.

झारीकाका भिंतीला टेकून उभे होते. कुणीतरी म्हणालं, "काका, आधी बोलला असतात तर!" साहेबसुद्धा — वाईट बोलले नाहीत, उलट खांद्यावर हात ठेवला — "निदान दोन-तीन वर्षं आणखी निघाली असती आपली."

"निघाली असती," काका म्हणाले.

१५ मार्च

दोन गोष्टी एकदम बदलल्या. कोळसा बदलला आणि पाणी घालणारा हात बदलला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं, अशा प्रयोगातून काही सिद्ध होत नाही. पण कोळसा बदलला हे मला एकटीलाच माहीत आहे. बाकी सगळ्यांना उत्तर मिळालं.

मी आप्पांना वाचवायला गेले आणि काकांना बुडवलं.

१८ मार्च

मावशी दुकानातून ऐकून आली. "झारी गळकी निघाली," म्हणतात. "झारीभर पाण्यात कारखाना बुडवला." एकानं तर तोंडावर म्हटलं, काका भाजी निवडत होते तेव्हा. काकांनी पिशवी उचलली आणि निघून आले, म्हणे.

मावशीला विनोद आवडतात. हे सांगताना ती हसली नाही. "माणसानं कबूल केलं त्याचंच हे फळ," म्हणाली. "गप्प बसला असता तर कुणी विचारलं असतं?"

मी मान खाली घालून जेवले.

२० मार्च

शेवटचा दिवस. फाटक सगळ्यांना उघडं. घरच्यांनाही.

आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. फाटकापाशी थांबले, न सांगता दोन्ही खिसे उलटे काढून दाखवले. पहारेकरी म्हणाला, "आता कशाला, आप्पा? जा आत." तरी ते खिसे तसेच, कुत्र्याच्या कानांसारखे लोंबते ठेवून आत गेले.

चाकघरात ते दारातच उभे राहिले. माणसाहून उंच दोन दगडी चाकं, एकमेकांमागून गोल फिरणारी. आज खाली दारू नव्हती, नुसतं पाणी, धुण्यासाठी. आप्पा म्हणाले, "मला वाटायचं जात्यासारखं आडवं असेल." एवढंच. जन्मभर त्यांनी मनात वेगळंच चाक फिरवलं होतं.

साहेबांनी बटण दाबलं. चाकं लगेच थांबली नाहीत. हळू, हळू, आणखी अर्धा फेरा. मग नदीचा आवाज ऐकू आला. इतकी वर्षं तो या खोलीत ऐकू येत नव्हता.

माणसं इकडेतिकडे विखुरली. काकांच्या आजूबाजूला मोकळी जागा राहिली होती, कुणी ठरवल्यासारखी. आप्पा त्या जागेतून चालत गेले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले. पहिल्यांदाच मधे पूल नाही. काकांनी त्यांच्या खिशांकडे पाहिलं — "खिसे आत घाल, कोळशा. माकड दिसतोयस."

तिथेच ठरवलं मी.

२२ मार्च

सांगितलं.

भट्टीवर, आप्पा थंड पिंप आतून पुसत होते तेव्हा. कशाला पुसत होते कोण जाणे. मी म्हटलं, "आप्पा, निळा धूर तुम्हाला दिसत नाही." मग सगळंच. पंचविसावी तारीख, ताडपत्रीखालची पोती, माझं खोटं.

ते पुसत राहिले. मग फडकं पिळलं, वाळत घातलं, त्याच्या घड्या सरळ केल्या.

"त्या दिवशी तू ओरडलीस तेव्हा मला पिवळाच दिसत होता," म्हणाले.

"मग जाळ का ओढलात?"

"तू म्हणालीस म्हणून."

मग — "म्हणजे झारी —" आणि वाक्य सोडून दिलं.

मी रडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. माझ्या स्वेटरवर काळे पट्टे उठले. ते त्यांना दिसले, कारण लगेच हात मागे घेतला.

२५ मार्च

बोलत नाहीत. जेवतात, अर्धं ठेवतात. मावशी टोमणे मारते, उत्तर येत नाही, मग तीही गप्प होते. आज तिनं मला स्वयंपाकघरात धरलं. "काय सांगितलंस त्यांना?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अगं, काय मिळवलंस?"

काय मिळवलं? खरं बोलले. कुणासाठी? माझ्या जिवाला टोचत होतं ते काढून त्यांच्या जिवात घातलं, असं तर नाही? काकांसाठी सांगितलं, असं मी म्हणते. पण मग काकांकडे जाऊन का नाही सांगितलं? साहेबांकडे का नाही? आप्पांनी स्वतः जावं असं मला वाटत होतं. तेही माझं वाटणं. त्यांच्यावर लादलेलं.

२८ मार्च

आप्पा आज काकांकडे जाऊन आले. चालत. जाताना पाऊल कसं जड होतं ते मी खिडकीतून पाहिलं. परत आले ते वेगळेच! मावशीला हाक मारून चहा मागितला.

"काय म्हणाले काका?"

"हाकललं मला! म्हटलं, झारी, खोट माझ्या कोळशात होती. दिसत नाही मला. उद्या सगळ्यांना गोळा करून सांगतो. तर पिसाळलाच. म्हणे, वेड लागलं का? तुझा कोळसा मी हातानं चुरला, नाकाशी धरला, मला कळत नाही? सोनं होतं. तुझे डोळे गेले म्हणून काय माझा हात बरा होणार आहे?" आप्पा हसत होते, डोळे पुसत होते. "म्हणे, जन्मभर माझी तपकीर ओढलीस, आता माझा दोषही पाहिजे होय तुला?"

"मग?"

"मग काय! थोडं माझं असेल. पण त्याचा हात हलतो हे खरंच. माझ्यादेखत कप धरला तर बशीत सांडला की."

रात्रीचं जेवण पूर्ण जेवले. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. मावशी म्हणाली, "डोळे गेले, जीभ तेवढी शाबूत!" आणि मीठ पुढे सरकवलं.

२९ मार्च

मला आनंद व्हायला हवा. झालाय. पण काकांनी सुटका नाकारली. दारात आणून दिलेली! इतका प्रामाणिक माणूस की स्वतःवरचा आळ अर्धासुद्धा उतरू देत नाही.

खरं काय ते कधी कळणार नाही. कळायचं तर एकच उपाय — चांगल्या कोळशावर काकांनी पाणी घालून एक घाणा काढायचा आणि चेंडू उडवायचा. चाकं परवाच खोलून नेली. उखळी कुठल्याशा संग्रहालयात जाणार आहे.

३ एप्रिल

आप्पा डोळ्याच्या डॉक्टरांकडे तयार झाले, आपण होऊन. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" आप्पा म्हणाले, "धूर बघत होतो."

८ एप्रिल

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी आहे. खाली वाकायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, दाढी स्वतः करायची नाही.

मावशी म्हणाली, "मी करते." आप्पा म्हणाले, "त्यापेक्षा दोन्ही डोळे काढा."

११ एप्रिल

सकाळी झारीकाका आले, कापडात गुंडाळलेला जुना वस्तरा घेऊन. "या माणसाला असं अस्वलासारखं ठेवलंय होय?"

आप्पांना खुर्चीत बसवलं, मान मागे टेकवली. आप्पांनी पट्टीबाहेरचा डोळाही मिटून घेतला. काकांनी फेस लावला आणि वस्तरा उघडला. मी चहा घेऊन दारात पोचले होते.

पातं कानाच्या पाळीखालून गेलं. गालावरून, पट्टीच्या दोऱ्याला निसटतं. हनुवटीच्या खळीतून. मग खाली, गळ्याच्या घाटीवरून, एका सरळ, संथ ओढीत.

"हलू नकोस, कोळशा," काका म्हणाले.

हलत कुणीच नव्हतं.